उसवणावळ

दर विचारतात आधी. डिझाइन नंतर.
बाही बाराशे, पाठीचा गळा अडीच हजार,
टिकली-मणी असतील तर वेगळे.
"मशीनवर पाचशेत होतं हो ताई."
होतं की, मी म्हणते,
कार्बन नाक्याच्या पलीकडेच आहे मशीनवाला,
रविवारीही उघडा असतो.
काही जातात.
काही जिना उतरून पुन्हा चढतात,
त्यांना मी आधी पाणी देते.

सातपूरच्या या दुसऱ्या मजल्यावर
साडेनऊ ते दीड खिडकीत खरा उजेड.
तेवढाच माझा कारखाना.
अंबडच्या कंपनीत होते तेव्हा
भोंगा झाला की हात थांबायचे;
आता हातांना कुणी सांगत नाही.
लग्नसराईत पोळी लाटतानाही
एक बोट आरीसारखं वाकलेलं असतं.

शिकले जुन्या नाशकात, जुबेदाआपांकडे.
खाटेभोवती आम्ही सहाजणी.
आपा कापड उलटं करूनच बघायच्या.
सुलटं कधी बघितलंच नाही त्यांनी,
माझ्या तर पहिल्या मोरालाही नाही.

पिंपळगावच्या एका बाईंनी
बाहीवर द्राक्षांचे घड भरून घेतले होते.
"मणी एवढे दाट नकोत,
विरळणी झाल्यावर दिसतो ना घड, तसा."
अशी गिऱ्हाइकं वर्षातून एखादी.

ऋजुता मार्चात आली, आई आणि मावशीसकट.
जांभळं रेशीम, बाहीवर नवऱ्याचं नाव जरीत.
निनाद.
"पहिली वेलांटी बरं का," मावशी म्हणाली,
"एकीच्या ब्लाउजवर दुसरी दिली होती कुणीतरी,
फोटोत कायमची राहिली."

परवा ती एकटी आली.
"काकू, नाव काढायचंय."
मी काही विचारलं नाही.
चहा टाकू का, एवढंच.
नको म्हणाली.

साखळी टाक्याचं शेवटचं टोक सापडलं
की सगळं सरसर सुटतं,
दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत.
पण टोक सापडायला हवं.
पक्कं करताना तीन गाठी मीच मारलेल्या,
अस्तराच्या आत, कुणाला दिसू नयेत अशा.
मलाच दिसेनात.
चष्मा काढला, भिंग घेतलं,
एक वाजून गेलेला.
ती खिडकीतून खाली बघत होती,
खाली भंगारवाला ओरडत होता.

सुटली.
आधी वरची रेघ गेली,
अक्षरं उघडी पडली.
मग द. मग ना.
"थांबा," ती म्हणाली.
मी थांबले, दोरा बोटावर ताणलेला.
भंगारवाला पुढच्या गल्लीत गेला.
"हं. काढा."

सुती असतं तर भोकं बुजली असती,
नखानं घासून, थोडी वाफ देऊन.
रेशमात राहतात.
उजेडाकडे धरलं तर नाव वाचता येत होतं.
मी धरलं नाही. तिनं धरलं.
"वर काही भरून देऊ? वेल, मोर?"
"मोर नको," म्हणाली,
आणि का कोण जाणे, हसली.
"असंच असू दे. मैत्रिणीच्या लग्नात घालणारे,
येत्या रविवारी.
किती झाले?"

दरपत्रकात उसवण्याचा दर नव्हता.
भरायचे बाराशे घेतले होते.
काही नको म्हटलं असतं
तर तिला अजून एक दया सोसावी लागली असती.
"दोनशे."
तिनं घासाघीस केली नाही.
फोनमधली बाई मोठ्यांदा म्हणाली,
दोनशे रुपये प्राप्त झाले,
आणि आम्ही दोघी दचकलो.

वहीत लिहिलं, उसवणावळ २००.
घडणावळ असते, शिवणावळ असते,
हा शब्द असतो की नाही, ठाऊक नाही.
दरपत्रकावर सर्वांत खाली पेनानं जोडून टाकला.

काढलेली जर पुठ्ठ्यावर गुंडाळली आहे.
ओढली की सरळ होते,
सोडली की पुन्हा कुरळी,
सगळी वेलांट्या वेलांट्या.
फेकवत नाही.
दहीपुलावर रीळ परत वीस रुपयांनी वाढलंय.